हात पुसून पानं हातात घेणाऱ्या चित्रकारास

सप्रेम नमस्कार,

तुमचं नाव या पत्रात लिहीत नाही. तुम्हाला विचारलेलं नाही, आणि न विचारता तुमचं नाव चारचौघांत घेणं मला पटत नाही. पण हे पत्र तुमच्यापर्यंत पोहोचलं तर तुम्ही ओळखाल. कॉमिक संमेलनाचा दुसरा दिवस, शेवटचा तास, आर्टिस्ट ॲलीच्या, म्हणजे चित्रकार आपापली टेबलं मांडून बसतात त्या भागाच्या, अगदी मागच्या रांगेतलं भिंतीलगतचं टेबल. काळं फोल्डर छातीशी धरून एक बाई तुमच्यासमोरून तीनदा पुढे गेली आणि चौथ्या वेळी थांबली. ती मी.

त्याला आता तीन आठवडे झाले. घरी, ऑफिसात, दोघा-तिघांना मी हा प्रसंग सांगून पाहिला. दर वेळी एकाच जागी अडखळते, घसा दाटून येतो, आणि ऐकणाऱ्याला कळत नाही की यात रडण्यासारखं काय आहे. सांगायला गेलं तर घडलं एवढंच, की तुम्ही हात पुसलेत.

तुम्हाला कदाचित आठवणारही नाही. तुम्ही नुकतंच एका मुलाला त्याच्या वहीत चित्र काढून दिलं होतं. पुठ्ठ्याचं चिलखत घातलेला तो मुलगा. चित्राखाली समोरच्याचं नाव घालण्यामागे व्यवहारही असतो हे मला माहीत आहे. फुकट मिळालेली चित्रं लोक लगेच विकायला काढतात, नाव असलं की तो मोह कमी होतो. पण तुम्ही त्याला विचारलंत, नाव तलवारीच्या बाजूला हवं की ढालीच्या. तो बराच वेळ विचार करत राहिला आणि तुम्ही थांबलात. ते पाहूनच मला पुढे यायचा धीर झाला.

मी ‘माझी पानं बघाल का’ असं काहीतरी पुटपुटले. तुम्ही हो म्हणालात, पण लगेच हात पुढे केले नाहीत. आधी कुंचला पाण्यात खळबळून घेतलात. शाईच्या बाटलीला झाकण लावलंत आणि ती टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला सरकवलीत. मग मांडीवरचं फडकं घेऊन एकेक बोट पुसलंत. अंगठा आणि तर्जनीच्या मधली जागा दोनदा. तळवे दिव्याकडे करून पाहिलेत, समाधान झालं नाही, पिशवीतून दुसरं कोरडं फडकं काढलंत आणि पुन्हा पुसलेत. मग दोन्ही हात पुढे केलेत.

यात एवढं काय, ते सांगते.

गेल्या वर्षी अशाच एका संमेलनात हीच पानं घेऊन मी पोर्टफोलिओ दाखवायच्या टेबलापाशी दीड तास रांगेत उभी होते. नंबर लागला. समोरच्या गृहस्थांच्या एका हातात फोन होता, तो शेवटपर्यंत तसाच राहिला. दुसऱ्या हाताने त्यांनी पानं उलटली, पत्ते पिसावेत तशी. मध्येच पाणी प्यायले आणि गार बाटली ठेवली ती माझ्या तिसऱ्या पानावर. बाटलीला बाहेरून पाणी सुटलं होतं. शाईच्या रेषा टिकल्या, पण त्या पानावरच्या सावल्या मी काळ्या जलरंगाने दिल्या होत्या. त्या विरघळल्या आणि कागदावर करडं गोल कडं उमटलं. मी ते उमटताना पाहत होते. बोलले नाही, कारण त्यांनी अजून मत दिलं नव्हतं, आणि मत ऐकायलाच तर मी आले होते. मत असं मिळालं: ‘छान आहे, सराव चालू ठेवा.’ मग माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघून त्यांनी विचारलं, ‘या वयात सुरुवात केलीत?’

मी बेचाळीस वर्षांची आहे. सुरुवात केली तेव्हा सदतीसची होते.

त्याच दिवशी मी आणखी एका चित्रकाराच्या रांगेत उभी राहिले होते. ज्यांची पुस्तकं मी पुन्हा पुन्हा वाचली आहेत असे ते. त्यांनी मान वर न करता सही केली आणि पुस्तक माझ्याकडे सरकवलं. त्यांच्यावर माझा राग नाही. दोन दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत शेकडो लोकांशी तेच तेच बोलायचं, मनगट दुखत असताना सह्या करत राहायचं, वर हसायचंही. मला ते एक तासही जमणार नाही. आणि कुणी आपली पानं फुकट तपासून द्यावीत हा काही माझा हक्क नव्हे.

बाटलीवाल्या गृहस्थांना मात्र मी माफ केलेलं नाही. पानं तपासायला म्हणूनच ते तिथे बसले होते. त्यांना माझं पान टेबलाचा भाग वाटलं, ज्यावर काही ठेवता येतं.

घरी आल्यावर फोल्डर कपाटावर टाकलं. दहा महिने ते तिथेच होतं. या वर्षी निघताना का उचललं, मला सांगता येणार नाही. उचललं, एवढंच.

तर तुम्ही हात पुसत होतात तेव्हा माझं एकही पान तुम्ही पाहिलेलं नव्हतं. आत काय आहे, बरं आहे की टाकाऊ, तुम्हाला काहीच ठाऊक नव्हतं. चांगलं चित्र समोर आलं की सगळेच जपून हात लावतात. तुम्ही आधीच जपलंत, न बघता. कुणीतरी हे बसून काढलंय, एवढं तुम्हाला पुरेसं होतं. माझा घसा दाटतो तो इथे.

मूळ पानांची कदर करायला या धंद्यालाही फार वर्षं लागली. अमेरिकी कॉमिकच्या सुरुवातीच्या दशकांत अंक छापून झाला की मूळ चित्र म्हणजे अडगळ. ती पानं कुठे धूळ खात पडायची, कुठे कुणालाही वाटली जायची, कुठे फाडून फेकली जायची. जॅक कर्बी यांच्या पेन्सिलीतून किती नायक जन्मले, पण १९६० च्या दशकात स्वतःच्या हाताने काढलेली पानं परत मिळावीत म्हणून त्यांना १९८० च्या दशकात वर्षानुवर्षं झगडावं लागलं. १९८७ साली हजारो पानांतली साधारण दोन हजार त्यांच्याकडे परत आली. तोवर ते सत्तरीला टेकले होते. हे मी पूर्वी वाचलं होतं तेव्हा ते मला हक्कांचं, कायद्याचं भांडण वाटलं होतं. तुमच्या टेबलापुढे उभी असताना ते वेगळं समजलं. पान त्या माणसाच्या बोटांखाली तासन् तास होतं. त्याचा दाब कागदात उतरलेला असतो.

आणि तो दाब तुम्ही खरोखरच वाचलात. आठही पानं आधी न बोलता पाहिलीत, कडांना धरून. मग पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या फेरीत पाचवं पान उलटं केलंत आणि कोऱ्या पाठीवरून अंगठा फिरवलात. ‘इथे बराच वेळ गेलाय तुमचा,’ म्हणालात. दाबून काढलेल्या आणि पुन्हा पुन्हा खोडलेल्या रेषांचे वळ तिथे मागून लागत होते. त्या एका चौकटीवर माझे अकरा रविवार गेलेत. हे पानाच्या पाठीवरून कुणाला कळू शकतं, याची मला कल्पना नव्हती.

तिसऱ्या पानावरच्या त्या कड्याशी थांबलात. मी खुलासा करायला तोंड उघडलं, पण तुम्हीच म्हणालात, ‘हा डाग तुमचा नाही.’ विचारलं नाहीत, सांगितलंत. मी मान हलवली. ‘बाकीची सात पाहिली ना,’ एवढंच म्हणून पुढे गेलात. दहा महिने मी त्या कड्याकडे स्वतःचीच चूक असल्यासारखं बघत आले होते. बाटली उचला म्हणायला हवं होतं, पान प्लास्टिकच्या कव्हरात ठेवायला हवं होतं, मुळात घेऊनच जायला नको होतं. तुमच्या त्या वाक्यानंतर हे सगळं बंद झालं. खरंच बंद झालं.

मग तुम्ही तो प्रश्न विचारलात.

‘शिवणकामाची गोष्ट आहे. हात कुठे आहेत?’

माझ्या गोष्टीत दोन बायका आहेत, एक शिलाई मशीन आणि एक दुपार. आईची नजर अधू होत चालली आहे आणि सुईत दोरा आता मुलीला ओवावा लागतो. बाकी काही घडत नाही. तुम्ही एकेक पान पुढे ठेवत दाखवत गेलात: पहिल्या पानावर हात मशीनच्या मागे, दुसऱ्यावर कापडाखाली, चौथ्यावर चौकटीच्या कडेने कापलेले, सहाव्यावर आई पाठमोरी. आठ पानं, एकेचाळीस चौकटी, आणि एकही हात पुरता दिसत नाही. दोरा ओवण्याच्या चौकटीत तर मी सुईच मोठी करून दाखवली होती.

मला हात काढता येत नाहीत. पाच वर्षं मी ते लपवत आले आणि कुणालाही कळलं नव्हतं. कारण कुणी तेवढा वेळ पाहिलंच नव्हतं.

मला वाटलं, आता तुम्ही एखादं शरीररचनेचं पुस्तक सुचवाल आणि फोल्डर परत द्याल. तुम्ही खालून स्टूल ओढून मला बसायला दिलंत. माझ्या पानावर ट्रेसिंग पेपर घातलात, आपली एकही रेघ माझ्या पानावर पडू नये म्हणून. निळी पेन्सिल माझ्या हातात दिलीत. जुन्या छपाईच्या कॅमेऱ्याला फिकट निळा रंग दिसत नसे म्हणून कच्च्या रेषा निळ्या पेन्सिलीने काढायची पद्धत पडली, आणि आता स्कॅन केल्यावर संगणकात तो रंग सहज वेगळा काढता येतो, हे तुम्ही सांगत होतात. माझं मन ताळ्यावर यावं म्हणून सांगत होतात, असं मला आता वाटतं. मग कोपर टेबलावर टेकवून तुम्ही तुमचा उजवा हात माझ्यासमोर धरलात, अंगठा आणि तर्जनीत एक न दिसणारी सुई धरून.

‘काढा. घाई नाही.’

तेवढ्यात कुणीतरी तुमचं पुस्तक हातात घेऊन सहीसाठी आलं. ‘दहा मिनिटं देता का, हात गुंतलाय,’ म्हणालात. त्या माणसानेही काही कुरकुर केली नाही, बाजूला उभा राहून तोही बघत राहिला. त्याचेही आभार.

पहिल्यांदा मी काढला तो हात काट्यासारखा झाला. तुम्ही पाहिलात आणि हात जागचा हलवला नाहीत. दुसऱ्यांदा काढला तेव्हा म्हणालात, अंगठा बोटांच्या रांगेतला नाही, तो समोरून येतो. आधी मुठीचा गोळा काढा, बोटं त्यातून नंतर बाहेर काढा. तिसऱ्यांदा मी सुईकडे पाहणं सोडलं आणि मुठीकडे पाहिलं. दोनदा पुसूनही तुमच्या नखांच्या कडांना शाई राहिली होती. मी ती पण काढली. तुमचा हात एव्हाना थोडा थरथरायला लागला होता, सबंध दिवस त्याने काम केलं होतं, पण तुम्ही तो खाली घेतला नाहीत.

बाकीचं उभ्या-उभ्या सांगितलंत. संवादांचे फुगे शेवटी कोंबू नका, पेन्सिल करतानाच त्यांची जागा राखा, कारण वाचणारा फुग्यांच्या वाटेने पान उतरतो. ११ बाय १७ इंचांच्या कागदावर काढलेलं छापताना साधारण दोन तृतीयांश होतं, म्हणून रेषांची जाळी एवढी दाट घातलीत तर अंकात तिचा काळा गोळा होईल. मी घरी येऊन पानं लहान करून प्रिंट काढून पाहिली. झालाच होता गोळा, सातव्या पानावर, आईच्या केसांत.

एवढ्या वेळात तुम्ही एकदाही ‘छान’ म्हणाला नाहीत. तो शब्द मला गेल्या वर्षी मिळाला होता.

मला कधी कधी वाटतं, या संमेलनांचं सगळं लक्ष हल्ली मंचावर असतं, पडद्यावर दाखवल्या जाणाऱ्या झलकांवर असतं, आणि चित्र काढणारी माणसं हॉलच्या मागच्या भिंतीला लागत जातात. सॅन डिएगोचं आज एवढं गाजणारं संमेलन १९७० साली भरलं तेव्हा तीन दिवसांत मिळून जेमतेम तीनशे माणसं आली होती, आणि ते भरवायला धडपडणाऱ्यांत कितीतरी शाळकरी पोरं होती. कर्बी त्या पहिल्या वर्षी पाहुणे म्हणून गेले. एवढ्या नावाजलेल्या माणसाने पोरांच्या बोलावण्याला मान दिला. आता तिथे लाखाहून जास्त लोक लोटतात. टोकियोत १९७५ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या कॉमिकेट या कॉमिक संमेलनाची एक गोष्ट मला फार आवडते: तिथे पुस्तक विकणारा, विकत घेणारा आणि व्यवस्था बघणारा, तिघांनाही ‘सहभागी’ असंच म्हणतात. गिऱ्हाईक असं कुणी नाहीच.

आणि अमेरिकी कॉमिक चित्रकार रमोना फ्रेडन. १९५० च्या सुमारास त्या या क्षेत्रात आल्या तेव्हा तिथे बायका अगदी मोजक्या होत्या. जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी काम थांबवत असल्याचं जाहीर केलं तेव्हा त्या सत्त्याण्णव वर्षांच्या होत्या. तोवर त्या वाचकांनी मागितलेली चित्रं काढून देत होत्या. पुढच्याच महिन्यात त्या गेल्या. ‘या वयात’ हा प्रश्न ज्यांनी मला विचारला त्यांना हे सांगावंसं मला फार वाटतं. तुम्ही मला वय विचारलंच नाहीत. किती वर्षं काढताय, कुठे शिकलात, यापैकी काहीच विचारलं नाहीत. विचारलंत ते इतकंच, की यातलं कुठलं पान काढताना तुम्हाला सगळ्यात जास्त आवडलं. मी पाचवं म्हणाले. तुम्ही म्हणालात, ‘वाटलंच.’

जाता जाता मी तुमचं पुस्तक घ्यायला पैसे काढले, तर तुम्ही म्हणालात, ‘आधी वाचून तर बघा,’ आणि पहिली आठ पानं माझ्यासमोर उघडून धरलीत. हॉलचे दिवे मालवायला सुरुवात झाली होती. मी उभ्याने वाचली. पुस्तक घेतलं. त्यात मी सही मागायची विसरले, हे घरी आल्यावर लक्षात आलं.

त्यानंतर काय झालं तेही सांगते, कारण तुम्ही विचारलं असतंत. एकेचाळीसपैकी चौदा चौकटी मी नव्याने काढायला घेतल्या आहेत. सहा झाल्या. रोज रात्री झोपण्याआधी अर्धा तास हात काढते: स्वतःचा डावा आरशात बघून, नवऱ्याचा तो झोपलेला असताना, आईचा व्हिडिओ कॉलवर. आई हात कॅमेऱ्याजवळ फार नेते, मग नुसतं करंगळीचं पेर दिसतं, पण तीही मनापासून बसते. दोरा ओवण्याच्या चौकटीत आता सुई लहान आहे आणि त्या जागी दोन हात आहेत, एक म्हातारा आणि एक तरुण. म्हाताऱ्या हाताच्या नखांना मी थोडी काळी कड ठेवली आहे. आई विचारत होती, हिला शाई कशी लागली. मी म्हटलं, राहू दे.

तिसरं पान नव्याने काढायचं ठरवलं होतं, काढलं नाही. कडं तसंच ठेवलंय. ते जिथे पडलंय तिथे खिडकीतून ऊन येतं आणि तेही गोलच आहे. आता माझ्या मनाला ते खटकत नाही.

एक राहिलं. तुमची निळी पेन्सिल माझ्याकडेच आली. बस सुटायच्या घाईत मी ट्रेसिंग पेपर गुंडाळून फोल्डरमध्ये घातला, त्याच्याबरोबर ती गेली. घरी फोल्डर उघडलं तेव्हा ती पाचव्या आणि सहाव्या पानाच्या मध्ये पडली होती. सुरुवातीला ठरवलं होतं की ती जपून ठेवायची आणि परत करायची. मग दुसऱ्याच दिवशी मला आईच्या मनगटाची रेघ जमेना, आणि मी ती टोकदार केली. आता ती अर्ध्यावर आली आहे. पुढच्या संमेलनात तुमच्यासाठी तसलीच नवी घेऊन येईन. ही मी ठेवून घेते आहे.

तुमची,
काळ्या फोल्डरवाली